दोन मिनिटांची नोटीस

रात्रीचे पावणेदोन. समोरच्या काळ्या खिडकीत आकडे सरकत होते. १,५८,२०३. १,५८,२०४. दुपारी पावणेतीनला सुरू केलेलं काम निम्म्याच्या पुढे गेलं होतं. जुन्या छापील पानांचे तीन लाख स्कॅन होते आणि त्यांतला मजकूर ओळखून काढायचा, एवढंच काम. यंत्र माझं नव्हतं. कुठल्यातरी डेटा सेंटरमधल्या सर्व्हरचा एक तुकडा मी तासाच्या हिशेबानं भाड्यानं घेतला होता, आणि तोही नेहमीच्या भाड्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात. स्वतःच्या हुशारीवर मी भलतीच खूश होते.

१,५८,२४७ वर आकडा थांबला. मी एंटर दाबलं. पुन्हा दाबलं. वायफाय बघितलं, ते ठणठणीत होतं. मिनिटाभरानं कनेक्शन तुटल्याची ओळ उमटली. कंपनीचा कन्सोल, म्हणजे यंत्रांची यादी दाखवणारं पान, उघडला तर माझ्या इन्स्टन्सच्या, म्हणजे भाड्याच्या यंत्राच्या, नावापुढे 'टर्मिनेटेड' लिहिलेलं. मालकानं जागा परत घेतली होती.

आता अकरा तासांचं काम कुठे होतं, तर मेमरीत. सगळी पानं झाली की शेवटी एकदाच फाइल लिहायची, असा माझा सुटसुटीत प्रोग्राम होता. घरच्या कॉम्प्युटरवर तो वर्षभर बिनतक्रार चालला होता. यंत्राबरोबर मेमरी गेली आणि मेमरीबरोबर ती दीड लाख पानं. बरं, चिडायचं तरी कुणावर? भाडं स्वस्त का आहे हे विकत घेतानाच स्वच्छ लिहिलेलं होतं. मी ते वाचलंही होतं. वाचणं आणि कळणं यांत अकरा तासांचं अंतर पडलं.

अशा स्वस्तातल्या यंत्राला स्पॉट इन्स्टन्स म्हणतात. ही भानगड ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. क्लाउड कंपन्यांना, म्हणजे इंटरनेटवरून सर्व्हर भाड्यानं देणाऱ्यांना, हाताशी कायम काही सर्व्हर रिकामे ठेवावेच लागतात. गिऱ्हाईक कुठल्याही क्षणी येऊन 'मला आत्ता दहा मशीन हवीत' म्हणू शकतं, आणि ती मिनिटभरात देता आली पाहिजेत. त्यावरच तर हा सगळा धंदा उभा आहे. पण रिकामा सर्व्हरही जागा अडवतो, वीज खातो आणि रोज जुना होत जातो. मग कंपनी म्हणते, तोवर कुणीतरी वापरा, भाडं कमी घेऊ, फक्त पूर्ण भाडं देणारा आला की उठायचं. ही सवलत ९० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, असं जाहिरातीत असतं. मला इतकी क्वचितच मिळाली. साठ-सत्तर टक्के मात्र बऱ्याचदा मिळते.

ॲमेझॉननं यंत्रं भाड्यानं देणारी ईसी२ ही सेवा ऑगस्ट २००६ मध्ये आणली तेव्हा निवडायला फारसं काही नव्हतंच. यंत्राचा एकच प्रकार, पावणेदोन जीबी मेमरी, १६० जीबी डिस्क आणि दर तासाला दहा सेंट. एक मिनिट वापरलं तरी पूर्ण तासाचे पैसे. आजची यादी उघडली तर डोकं गरगरतं. नावं बघा: एम५.लार्ज, सी६जी.एक्सलार्ज, आर५.टूएक्सलार्ज. पण त्यामागची रीत एकदा कळली की सोपं आहे. पहिलं अक्षर घराण्याचं: सी म्हणजे हिशेबाला तेज, आर म्हणजे मेमरी दांडगी, एम म्हणजे मधला मार्ग. आकडा पिढीचा. शेवटचा शब्द मापाचा, आणि एकेक माप चढलं की साधारणपणे मेमरी दुप्पट, कोअर (प्रोसेसरमधले हिशेब करणारे भाग) दुप्पट आणि भाडंही दुप्पट. यात टी नावाचं एक फसवं घराणं आहे. ते स्वस्त असतं आणि चपळ वाटतं, कारण शांत बसलं असताना जोरात पळण्याची क्रेडिट साठवतं आणि काम आलं की ती उधळतं. सलग पाच तास राबवलं तर क्रेडिट संपतात. मग ते एकतर गोगलगाय होतं किंवा जादा पैसे लावतं. छोट्या वेबसाइटला झकास, माझ्यासारख्या दिवसभर कोअर तापवणाऱ्या कामाला कुचकामी. शिवाय ज्याला आपण एक 'व्हीसीपीयू', म्हणजे आभासी प्रोसेसर, समजून विकत घेतो तो इंटेलच्या यंत्रांवर बहुतेक वेळा खऱ्या कोअरच्या दोन धाग्यांपैकी एक असतो. म्हणजे आठ घेतले की हातात येतात चार कोअर. हे मला फार उशिरा कळलं. कळल्यावर आधीच्या दोन वर्षांतले माझे काही हिशेब का जुळत नव्हते, तेही कळलं.

पण मला सांगायचंय ते भाड्याबद्दल. तेच सिलिकॉन, तोच रॅक, तेवढीच वीज. एकच यंत्र तीन भावांत मिळतं. हवं तेव्हा घ्या, हवं तेव्हा सोडा, हा ऑन-डिमांड भाव. एक किंवा तीन वर्षं पैसे देत राहीन असा शब्द दिलात तर बराच कमी. आणि कधीही उठवलं तरी चालेल म्हणालात तर सगळ्यात कमी. यंत्र बदललेलं नाही, मग बदललं काय? खात्री. कुणी कुणाला किती खात्री द्यायची, याचा हा सौदा आहे. पहिल्यात कंपनी मला खात्री देते आणि तिचे पैसे लावते. दुसऱ्यात मी कंपनीला खात्री देते आणि तिची सूट घेते. तिसऱ्यात मी खात्री घेतच नाही, म्हणून तिचे पैसेही देत नाही. त्या रात्री मला हे उमगलं असतं तर बरं झालं असतं. मी खात्री विकत घेतली नव्हती आणि प्रोग्राम मात्र खात्री धरून लिहिला होता.

या सौद्यामागची कल्पना क्लाउडपेक्षा कितीतरी जुनी आहे, हे मी नंतर शोधत गेले तेव्हा सापडलं. संगणक फार मोठे, फार महाग आणि थोडेच होते, तेव्हा यंत्रावर बसायला वेळ मिळवणं हीच मारामारी असायची. संगणकशास्त्रज्ञ आयव्हन सदरलंड यांनी १९६८ साली एका लेखात हार्वर्डच्या पीडीपी-१ या यंत्राचा वेळ लिलावानं कसा वाटला जाई, ते मांडलं आहे. जो तो आपल्या सोयीच्या तासावर बोली लावायचा. त्यासाठी एक खोटं चलन काढलं होतं आणि त्याला नाव दिलं होतं येन. ज्याचं काम जास्त महत्त्वाचं त्याच्या वाट्याला जास्त येन. गर्दीचा तास महाग आणि अडनिडा तास स्वस्त, हे आपोआप घडायचं. मला यातलं सगळ्यात काय आवडलं असेल तर ते खोटे पैसे. खऱ्या पैशांची बोली लावली की श्रीमंत जिंकतो. इथे निदान कुणाचं काम किती निकडीचं आहे यावर कुणीतरी आधी विचार केला होता.

ॲमेझॉननं डिसेंबर २००९ मध्ये स्पॉट आणलं तेव्हा तेही लिलावासारखंच होतं. आपण जास्तीत जास्त किती द्यायला तयार आहोत ते लिहायचं, बाजारभाव त्याच्या खाली असेल तोवर यंत्र आपलं. पैसे बाजारभावानंच द्यायचे, बोलीइतके नव्हे. साहजिकच पुष्कळांनी शहाणपणा केला. बोली उंचच्या उंच लावून ठेवायची, देताना तर चालू भावच द्यायचाय! असे बरेच शहाणे एकाच वेळी एकाच प्रकारच्या यंत्रावर भिडले की तो चालू भाव पूर्ण भाड्याच्याही वर उडायचा. सवलतीच्या रांगेत उभं राहून मूळ किमतीपेक्षा जास्त मोजणारी माणसं! तेव्हाच्या भावांचे आलेख पाहिले तर सपाट मैदानात मध्येच सुया टोचल्यासारख्या दिसतात.

आणि तो बाजार खरंच बाजार होता का? इस्रायलमधल्या टेक्निऑन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये त्या भावांचा माग काढला. त्यांचा निष्कर्ष मजेशीर होता. बराच काळ भाव मागणी-पुरवठ्यावर ठरत नसावेत. एका छुप्या किमान किमतीच्या आधारे, एका अरुंद पट्ट्यात, जवळजवळ यदृच्छेनं ते काढले जात असावेत, असं आकडे सांगत होते. म्हणजे आपण लिलावात बसलोय असं समजून लोक डावपेच लढवत होते आणि समोर बोली लावणारं कदाचित कुणी नव्हतंच. २०१७ च्या अखेरीस बोलीची पद्धत मोडीत निघाली. आता भाव सावकाश, लांब मुदतीच्या मागणीकडे बघून सरकतो. आज यंत्र जातं ते बहुधा कंपनीला जागा हवी असते म्हणून, आपली बोली कमी पडली म्हणून नव्हे. मला हे जास्त प्रामाणिक वाटतं. पैसे जास्त टाकून खात्री विकत घेतल्याचा भास तरी आता होत नाही.

तर त्या रात्रीनंतर मी प्रोग्राम दुरुस्त करायला घेतला. पहिला उपाय अगदी सरळ वाटला. यंत्र काढून घेण्याआधी सूचना मिळते. ॲमेझॉननं जानेवारी २०१५ पासून दोन मिनिटं आधी सांगायला सुरुवात केली, त्याआधी तेवढंही नव्हतं. गूगलचं आणि मायक्रोसॉफ्टचं यंत्र ३० सेकंद देतं. सूचना मिळते म्हणजे दारावर कुणी येऊन टकटक करत नाही. यंत्राच्या आतून १६९.२५४.१६९.२५४ या पत्त्यावर आपणच विचारायचं: मला जायचंय का? एरवी उत्तर येतं ४०४, म्हणजे असं काही पान नाही. ज्या क्षणी ते पान सापडतं, त्या क्षणी समजायचं. 'सापडलं नाही' हीच चांगली बातमी समजून दर पाच सेकंदांनी विचारत बसायचं. माझ्या त्या पहिल्या यंत्रावर ते पान त्या रात्री नक्कीच उगवलं असणार. तिकडे कुणी पाहिलंच नाही.

मी पाहणारी स्क्रिप्ट लिहिली. सूचना आली की आतापर्यंतचा सगळा फोल्डर झिप करायचा आणि बाहेरच्या स्टोरेजमध्ये पाठवायचा. चार दिवसांनी यंत्र गेलं आणि मी उत्साहानं लॉग, म्हणजे प्रोग्रामची नोंदवही, उघडला. सूचना आली होती. झिप सुरू झालं होतं. लॉगमधली शेवटची ओळ 'झिप सुरू' हीच होती. फोल्डरमध्ये नुसता मजकूर नव्हता, साफसूफ केलेल्या पानांची चित्रंही होती. जवळपास चाळीस जीबी. दोन मिनिटांत ते बांधूनही होत नाही, पाठवणं दूरच. आग लागल्यावर घरातलं सगळं सामान बांधायला बसलेल्या माणसासारखा माझा प्रोग्राम शेवटपर्यंत गाठोडी बांधत बसला.

त्या सुमाराला आमच्या ऑफिसातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांपाशी मी रडगाणं गायलं. त्यांनी अर्धवट ऐकूनच हात वर केला. "अगं, तू नोटिशीवर का भिस्त ठेवतेस? नोटीस येणारच नाही असं धर. वीज गेली असं धर. मग लिही."

"पण सर, दोन मिनिटं मिळतात ना."

"मिळाली तर घे की. त्यावर संसार नको मांडूस."

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले होते. चेष्टेनं म्हणतात ती, ज्याचं कुठेच बूड टिकत नाही अशा माणसाबद्दल. स्पॉटवर चालणारा प्रोग्राम मात्र तसाच असावा लागतो. त्याच्यापाशी त्या यंत्रावर मागे राहील असं काहीच असता कामा नये. मी तीन लाख पानांच्या दोनशे-दोनशेच्या बॅच पाडल्या. दीड हजार बॅचची एक रांग केली, म्हणजे क्यू. यंत्र उठतं, रांगेतून एक बॅच उचलतं, पानं खाली घेतं, मजकूर काढतं, तो लगेच बाहेर ठेवतं आणि मगच रांगेला सांगतं की ही झाली, खोडा. दोनशे पानांना पन्नासेक सेकंद लागायचे. म्हणजे दोन मिनिटांच्या नोटिशीत हातातलं काम आरामात पुरं होतं. तीस सेकंदांच्या नोटिशीत होत नाही, पण नाही झालं तरी जातात फक्त पन्नास सेकंद. अकरा तासांवरून पन्नास सेकंदांवर!

फुशारकी मारायला जावं तर पुढचा खड्डा तयारच. सहा यंत्रं लावली आणि काम अपेक्षेच्या निम्म्याच वेगानं सरकायला लागलं. एकही यंत्र रिकामं बसलेलं नव्हतं, सगळी घाम गाळत होती. दोन दिवस मी यंत्रांच्या मापावर संशय घेतला, डिस्कवर घेतला, नेटवर्कवर घेतला. शेवटी एका बॅचचा लॉग शोधला, क्रमांक ४१२. तो दोन यंत्रांवर सापडला. ४१३ दोन यंत्रांवर. ४१४ पण. रांगेतून बॅच उचलली की रांग ती काही काळ इतरांपासून लपवून ठेवते. तेवढ्या वेळात 'झाली' असा निरोप आला नाही तर उचलणारा मेला असं समजून ती पुन्हा दाखवते. हा लपवण्याचा वेळ मी बदललाच नव्हता, तो आपसूक ३० सेकंद होता. माझी बॅच पन्नास सेकंदांची. म्हणजे माझं प्रत्येक यंत्र काम अर्ध्यावर असताना रांगेच्या लेखी मेलेलं होतं, आणि दुसरं यंत्र तीच बॅच इमानेइतबारे पुन्हा करत होतं. सवलतीच्या यंत्रांवर मी सगळं काम दोनदा करून घेत होते. लपवण्याचा वेळ पाच मिनिटं केला. एका आकड्याची दुरुस्ती. तो आकडा बदलताना आजूबाजूला कुणी बघत नाही ना, हे मी खरंच पाहिलं.

या धांदलीतून एक चांगली सवय मात्र लागली. तीच बॅच चुकून दोनदा झाली तरी निकाल एकच राहिला पाहिजे. त्यासाठी निकालाच्या फाइलला यंत्राचं किंवा वेळेचं नाव न देता बॅचचं नाव दिलं. दुसऱ्यांदा कुणी लिहिली तरी त्याच नावावर तेच पडतं.

मग भाव बघायची चटक लागली, त्याचीही एक गंमत सांगते. एकाच शहराजवळच्या डेटा सेंटरांचा समूह म्हणजे रीजन. त्याच्या आत वेगवेगळे झोन. त्याच मापाच्या यंत्राचा स्पॉट भाव एका झोनमध्ये एक, शेजारच्या झोनमध्ये दुसरा. सुरुवातीला मी सगळ्यात स्वस्त झोनमधलं सगळ्यात स्वस्त यंत्र शोधून सहाच्या सहा तिथेच घ्यायचे. आणि जायची तीही एकदम. सहा यंत्रं आणि एकच मिनिट. नंतर लक्षात आलं, आपल्याला जिथे स्वस्ताई दिसते तिथे ती इतरांनाही दिसतेच. शिवाय कंपनीला ज्या प्रकारची जागा हवी असते ती ती त्याच ढिगातून काढते, आणि माझी सहाही यंत्रं एकाच ढिगावर बसलेली. आयत्या बिळावरचे सहा नागोबा, बीळ एकच. आता मी चार-पाच प्रकारची यंत्रं आणि तीन झोन चालतील असं सांगून ठेवते आणि स्वस्तात स्वस्त देण्याऐवजी जिथे जास्त जागा रिकामी आहे तिथलं द्या म्हणते. थोडे पैसे जास्त जातात, यंत्रं कमी वेळा जातात. कोणता प्रकार महिन्यात कितपत वेळा काढून घेतला गेला, याचा ढोबळ तक्ताही मिळतो: पाच टक्क्यांहून कमी, पाच ते दहा, असं करत वीसहून जास्त. मी तो तक्ता भावाच्या आधी बघते.

स्पॉटवर काय ठेवू नये हेही याच क्रमात शिकले, आणि त्यावर फार लिहिण्यासारखं नाही. डेटाबेस ठेवू नये. ज्याच्यासमोर माणूस वाट बघत बसलाय असं एकुलतं एक यंत्र ठेवू नये. तुकडे पडत नाहीत असं लांबलचक काम ठेवू नये. बाकी चित्रं रेंडर करणं, चाचण्या चालवणं, एआयचं मॉडेल शिकवणं, माझी पानं, सगळं चालतं. मॉडेल शिकवताना मात्र चेकपॉइंट, म्हणजे तोवरच्या कामाची जपून ठेवलेली प्रत, किती वेळानं काढायचा, हा खरा कस. फार लवकर काढला तर शिकवण्यापेक्षा लिहिण्यातच वेळ जातो, फार उशिरा काढला तर अकरा तासांची माझी गोष्ट पुन्हा घडते.

करारानं यंत्र घेण्याच्या बाबतीत माझा अनुभव एकाच वाक्याचा आहे. वर्षभर लागेल म्हणून शब्द दिला, काम चार महिन्यांत संपलं, उरलेले आठ महिने मी न वापरलेल्या यंत्राचं सवलतीतलं भाडं भरत होते.

बिलाचं मात्र जरा सविस्तर सांगायला हवं, कारण यंत्राचं भाडं हा त्यातला सगळ्यात प्रामाणिक रकाना असतो. यंत्र थांबवलं तरी त्याची डिस्क चालूच राहते, पैशांच्या दृष्टीनं. यंत्र पूर्ण काढून टाकलं तरी वेगळी जोडलेली डिस्क मागे उरू शकते. माझ्याकडे एकदा अशा नऊ पोरक्या डिस्क निघाल्या, प्रत्येकीवर त्याच पानांची तीच चित्रं. सार्वजनिक आयपी पत्त्याला, म्हणजे इंटरनेटवरच्या यंत्राच्या पत्त्याला, तासाचं भाडं. ॲमेझॉन तर फेब्रुवारी २०२४ पासून वापरात असलेल्या आयपीव्ही४ (जुन्या पद्धतीच्या) पत्त्यालाही अर्धा सेंट तासाला लावतं. सामान आत आणायला फुकट, बाहेर न्यायला जीबीमागे पैसे. आणि बजेटची घंटा बांधून ठेवली तरी ती नुसती वाजते, नळ बंद करत नाही. शिवाय बिलाचे आकडे काही तास मागून येतात, म्हणजे घंटा वाजते तोवर पाणी बरंच वाहून गेलेलं असतं. सवलतीचं यंत्र शोधण्यात मी तासन् तास घालवले आणि त्या नऊ डिस्क चार महिने पडून होत्या. काखेत कळसा.

एवढं सगळं करून वाचलं किती? पहिल्या तीन लाख पानांचं म्हणाल तर ऑन-डिमांड यंत्रावर ते काम एका दिवसात झालं असतं आणि स्पॉटनं वाचवलेले डॉलर एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. त्यासाठी मी दोन आठवडे खपले. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच. पुढे पानं कोटीच्या घरात गेली आणि तीच पानं तीन-तीनदा मजकूर ओळखणाऱ्या नव्या मॉडेलमधून काढावी लागली, तेव्हा कुठे मसाल्याचे पैसे वसूल झाले. म्हणून कुणी छोटं, एकदाचंच काम घेऊन आलं आणि स्पॉट घेऊ का विचारलं, तर मी नको म्हणते. पूर्ण भाडं भर, झोप, सकाळी निकाल घे. हा सल्ला ऐकणाऱ्याला आवडत नाही. नव्वद टक्के सवलत डोळ्यांसमोर नाचत असताना कुणाला आवडेल?

स्वतःसाठी मात्र मी तो पाळत नाही. मला त्या प्रोग्रामची सवय झाली आहे. कुठेही मध्येच तोडला तरी पुन्हा उठून पुढच्या बॅचला हात घालणारा प्रोग्राम आता मी घरच्या कॉम्प्युटरसाठीही लिहिते, जिथे कुणीच मला उठवायला येणार नसतं.

एक प्रश्न मात्र बरेच दिवस डोक्यात होता. माझ्या जागेवर कोण आलं असेल? त्या रात्री पावणेदोनला पूर्ण भाडं मोजून नेमकी माझीच जागा कुणाला लागली? कुणाच्या वेबसाइटवर अचानक गर्दी झाली असेल, कुणाचा सर्व्हर कोसळून दुसरा उभा करायचा असेल, किंवा कुणाच्या स्क्रिप्टनं नुसतंच एक यंत्र जास्त मागितलं असेल. हे कळायची काही सोय नाही. ज्यानं घेतलं त्यालाही माहीत नसतं की तिथे कुणी बसलं होतं.

गेल्या आठवड्यात सकाळी एका मीटिंगला पंधरा मिनिटं उरली होती आणि दाखवायचं काम ज्या यंत्रावर होतं ते काही केल्या उघडेना. मी वाद घालत बसले नाही. नवं ऑन-डिमांड यंत्र मागितलं, मोठ्या मापाचं. 'पेंडिंग' दिसलं. एरवी काही सेकंदांत 'रनिंग' होतं, त्या दिवशी जरा जास्त वेळ लागला, चहाच्या कपाकडे हात जाऊन परत येईपर्यंतचा. मग हिरवा ठिपका आला. मी लॉगिन केलं, फाइली ओढल्या, वेळेत मीटिंगला बसले. मध्येच आठवलं, म्हणून दुसऱ्या खिडकीत माझ्या पानांची रांग उघडली. सहापैकी पाच यंत्रं चालू होती. सहावं त्याच झोनमधलं, त्याच मापाचं. वेळ बघितली. माझ्याच मागणीच्या आसपास त्याला नोटीस गेली होती. लॉगची शेवटची ओळ होती: 'बॅच १०३९ पूर्ण, नवी घेत नाही.'

मीच मला उठवलं होतं की नाही, हे अर्थातच सांगता येणार नाही. मीटिंग संपली तेव्हा दुसऱ्या झोनमध्ये सहावं यंत्र उभं राहिलं होतं आणि नव्या बॅचवर होतं.